राजा रविवर्मा

केरळातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी रविवर्मा यांचा जन्म झाला. घराच्या भिंतींवर कोळशाने चित्रे काढण्याचा त्यांना बालपणापासून नाद. त्यांचे मामा राजराजवर्मा हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी त्या रेघोट्यांतील गुण ओळखला आणि चौदा वर्षांच्या भाच्याला त्रिवेंद्रमच्या राजदरबारी नेले.

युरोपातील चित्रकार ग्रीक व रोमन पुराणांतील प्रसंग तैलरंगांत रंगवीत. त्यांतील देवदेवता हाडामांसाच्या वाटत. ही विद्या आपल्याकडे त्या काळी थोड्यांनाच अवगत होती. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. परंतु तो शिकविण्यास राजी होईना. त्याचे काम केवळ पाहण्याची मुभा रविवर्मा यांना मिळाली. तेवढ्यावरच ते शिकले! पुढे १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातील प्रसंगांवर १४ चित्रे करवून घेतली. त्यासाठी रविवर्मा धाकट्या भावासह देशभर हिंडले. निरनिराळ्या प्रांतांतील वेष त्यांनी न्याहाळले. त्यांच्या अनेक नायिका नऊवारी लुगड्यात दिसतात, त्या यामुळेच. ही चित्रे पाहण्यास लोकांची झुंबड उडाली.

परंतु तैलचित्रे अखेर राजवाड्यातच राहावयाची. गरिबाने ती कोठे पाहावी? शिवाय कित्येकांना तर देवळाची पायरीही चढू दिली जात नसे. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईस शिळाछापखाना काढला. एकेका रंगासाठी निराळा दगड तयार करून त्यावरून चित्रे छापली जात. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. त्याच सुमारास मुंबईहून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यातील वरठी या वाटेने कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग पुरा झाला होता. चित्रांनाही दूरचा प्रवास सुलभ झाला. लक्ष्मी व सरस्वती झोपडीच्या भिंतीवर विराजमान झाल्या.

या व्यवसायात रविवर्मा यांना मात्र लाभ झाला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना त्यांना आपल्या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. छापखाना हातचा गेला. पण त्यातून निघालेली चित्रे घरोघरी राहिली. राजवाड्यातील कला त्यांनी सामान्यांच्या दारी आणली, हेच त्यांचे खरे मोठेपण होय.