जुन्या पोथ्यांना घर देणारे वि. ल. भावे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुम्हाला माहीत असेलच. पण त्यामागच्या विनायक लक्ष्मण भावे यांची गोष्ट मुलांना कधी सांगितलीय का?

भावे यांचा जन्म १८७१ चा. १ जून १८९३ रोजी ठाण्यात ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. फक्त मराठी पुस्तकांसाठी ग्रंथालय, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. जुन्या कवींची बाडं घरोघरी ओल आणि वाळवी यांच्या तोंडी पडली होती. भाव्यांनी जुनं काव्य मिळवलं आणि ‘महाराष्ट्र कवी’ मासिकातून छापलं. त्यांनी नुसता साठा केला नाही, तर मिळालेलं वाचकांपर्यंत पोचवलं, हे लक्षात घ्या.

१८९८ मध्ये ‘ग्रंथमाला’त त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा निबंध आला. १९१९ च्या आवृत्तीत त्याचा मोठा ग्रंथ झाला. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, आणि मग भाव्यांच्या ग्रंथात त्या साहित्याला हक्काची जागा मिळाली. किल्ली नसती, तर पोथ्या हाती असूनही मुक्याच राहिल्या असत्या. १९२६ मध्ये भावे गेले. संग्रहालय मात्र आजही उभं आहे.

आता आपल्या घरच्या माळ्याकडे बघा. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर, फ्लॉप्या आणि माहितीपुस्तिका पडून असतात. दिवाळीच्या साफसफाईत पुस्तिका रद्दीत जाते, यंत्र भंगारात. पण पुस्तिका म्हणजेच त्या यंत्राची किल्ली! ती गेली की यंत्र मुकं.

जुन्या भागांचं मोल काय, तेही ऐका. भाव्यांच्या जन्मवर्षीच, १८७१ मध्ये, गणनयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज वारला. त्याचा मुलगा हेन्री याने अर्धवट यंत्राच्या उरलेल्या भागांतून छोटे नमुने जुळवले आणि विद्यापीठांना दिले. त्यांतला एक अमेरिकेत हार्वर्डला पोचला. पन्नासेक वर्षांनी तो हॉवर्ड एकन यांनी पाहिला. त्यांचं प्रचंड गणनयंत्र १९४४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं.

मुलांकडून हा उपक्रम करून घ्या :

१. यंत्र, वायरी आणि पुस्तिका एकत्र ठेवा. नाव, मॉडेल, वर्ष वहीत लिहा.
२. चालू होतं का, ते मोठ्यांनी तपासावं. घरची खासगी माहिती आधी पुसावी.
३. शाळा, आयटीआय, इंजिनीअरिंग कॉलेज किंवा जुन्या यंत्रांचे हौशी संग्राहक यांना विचारा. ज्याला खरंच उपयोग आहे, त्यालाच द्या.
४. अगदीच निकामी असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. जुना काचेचा मॉनिटर घरी मुळीच उघडू नका.

सगळंच जपणं शक्य नाही, आणि गरजेचंही नाही. पण टाकण्याआधी ‘हे कोणाला हवं असेल?’ एवढं विचारायची सवय मुलांना लागली, तर भाव्यांचा धडा त्यांना कळला म्हणायचा.