आधी स्वतःला टोचलं, मग भायखळ्याच्या तुरुंगात आकडे मांडले : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनची गोष्ट

परळला केईएम, वाडिया आणि टाटा हॉस्पिटलच्या गर्दीत एक जुनं, मोठं आवार आहे. एकेकाळी तिथं मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. आज गेटवर नाव आहे हाफकिन. पोलिओचे डोस आणि साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन यांच्यामुळं हे नाव आपल्या कानावरून गेलेलं असतं. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे आणि हा माणूस मुंबईत प्लेगच्या ऐन तडाख्यात राहत होता, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं.

कोरोनाच्या काळात आपण सगळेच ट्रायल हा शब्द शिकलो. काही लोकांना लस द्यायची, काहींना द्यायची नाही आणि मग कोण किती आजारी पडतं ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण शहरात रोज माणसं मरत असताना हातात लस आहे आणि ती मुद्दाम काही जणांना द्यायची नाही, हे सोपं नसतं. हाफकिननी ते मुंबईत १८९७ साली केलं.

तर गोष्ट सुरू होते काळ्या समुद्राकाठी. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. हेच मेच्निकोव्ह पुढं नोबेल मिळवणारे. त्या काळात रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांच्या गटात हाफकिनही होते. मार खाल्ला, अटकही झाली. मेच्निकोव्ह मध्ये पडले म्हणून सुटका झाली. पुढं नोकरीचा प्रश्न आला तेव्हा धर्म बदलला तर प्राध्यापक होता येईल असा मामला होता. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला.

आधी जिनिव्हा, मग १८८९ साली पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंमागं लागायचं. गिनिपिगच्या अंगातून हे जंतू एकापाठोपाठ एक ३९ वेळा फिरवून त्यांनी त्यांची ताकद वाढवली. दुसरीकडं जंतू कमजोर करायचीही पद्धत बसवली. आधी कमजोर जंतूंची सुई, काही दिवसांनी जहाल जंतूंची, असा तो बेत होता. १८ जुलै १८९२ ला पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला.

पण एक माणूस जगला म्हणून लस सिद्ध होत नाही. त्यासाठी कॉलरा जिथं आहे तिथंच जायला हवं. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी मार्ग काढला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

इथं त्यांच्या डोक्यातली मुख्य गोष्ट पक्की झाली. गावातल्या १,००० लोकांना लस टोचली आणि त्या वर्षी कॉलरा आलाच नाही, तर लसीनं वाचवलं की नशिबानं? सांगता येणार नाही. म्हणून तुलना हवी. आणि तुलना करायची तर दोन्हीकडची माणसं एकाच ठिकाणची, एकच पाणी पिणारी, एकच अन्न खाणारी हवीत. १८९४ साली कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा आला. तिथल्या साधारण २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना त्यांनी टोचलं. त्यानंतर वस्तीत आणखी १० जण आजारी पडले आणि ७ गेले. हे सगळे न टोचलेले होते. मग पुढचं दीड वर्ष चहाच्या मळ्यांत, लष्करी छावण्यांत, तुरुंगांत हाफकिन फिरत राहिले. हजारोंना टोचलं आणि मलेरियानं खंगून १८९५ साली इंग्लंडला परतले.

बरं होऊन परत येतात तोवर मुंबईत प्लेग शिरलेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला होता. लोक शहर सोडून पळत होते. सरकारी माणसं घरात घुसून आजाऱ्यांना उचलून नेत होती. हॉस्पिटलात नेतात ते मारायलाच अशी अफवा पसरली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं ऑर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. प्लेग पिसवांमुळं पसरतो हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. जंतू मात्र दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता.

हाफकिन ७ ऑक्टोबरला मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. आता प्लेगचे जंतू वाढवायचे कशावर? गाय-डुकराच्या मांसाचा रस्सा वापरला तर लस कुणी अंगाला लावून घेणार नाही. म्हणून बोकडाच्या मांसाचं पाणी घेतलं आणि त्यावर चक्क तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून जंतूंच्या लोंब्या खाली लटकायच्या. बाटली हलवली की त्या गळून पडायच्या आणि नव्या वाढायच्या. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं. ही मेलेल्या जंतूंची लस होती. तीन महिन्यांत एक मदतनीस कामाच्या ताणानं कोसळला आणि दोघं सोडून गेले.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननी पुन्हा स्वतःलाच टोचून घेतलं, तेही नंतर लोकांना दिला गेला त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या डोसानं. ताप चढला, सुई टोचलेली जागा ठणकली, पण ते उठून कामाला लागले. मग शहरातले काही डॉक्टर आणि प्रतिष्ठित लोक पुढं आले. पण हे सगळे चांगल्या घरात राहणारे. त्यांना प्लेग झाला नाही याचा अर्थ काय लावणार?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३०० हून जास्त कैदी आत होते, सगळ्यांचं खाणंपिणं आणि झोपायची जागा सारखीच. त्यातले १५४ जण टोचून घ्यायला तयार झाले. उरलेल्यांना टोचलं नाही.

पुढचा आठवडा फक्त मोजायचं काम. टोचलेल्यांपैकी तिघांच्या अंगात प्लेग आधीच होता. त्यांना टोचल्या दिवशीच लक्षणं दिसली आणि ते गेले. हाफकिननी त्यांचा हिशेब वेगळा मांडला, लपवला नाही. त्यानंतरचे आकडे असे आहेत. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ मेले. टोचलेल्यांत २ जणांना हलका प्लेग झाला आणि दोघंही वाचले.

इथं थोडं थांबू. कैद्यानं स्वतःहून हात पुढं केला असं कागदावर लिहिलेलं असलं तरी तुरुंगात स्वतःहून म्हणजे काय, हा प्रश्न राहतोच. दाराबाहेर प्लेग आणि दाराला कुलूप, अशा वेळी माणूस नाही कसं म्हणणार? आज कैद्यांवर चाचणी करायची तर नीतिसमितीपुढं मोठी उत्तरं द्यावी लागतात आणि ते बरंच आहे. दुसरी त्रुटी म्हणजे कुणाला टोचायचं हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, ज्याची तयारी त्याला टोचलं. तयार होणारे आधीच जास्त धडधाकट असतील तर? कुणाला औषध मिळणार हे आकड्यांच्या सोडतीवर सोडायची पद्धत रुळली ती १९४८ साली ब्रिटनमध्ये छापल्या गेलेल्या क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीनंतर.

पण हाफकिनना ही अडचण दिसत होती, असं पुढच्या वर्षीच्या कामावरून वाटतं. १८९८ साली बडोद्याजवळ उंधेरा नावाच्या गावात प्लेग आला. तिथं त्यांनी कुटुंबच निम्मं केलं. प्रत्येक घरातल्या अर्ध्या माणसांना टोचायचं, अर्ध्यांना नाही, आणि बायका, पुरुष, मुलं दोन्हीकडं जमेल तितकी सारखी ठेवायची. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. पुढं २८ घरांत प्लेग झाला. या घरांत न टोचलेले ६४ जण होते, त्यातले २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेले ७१ होते, त्यातले ८ आजारी पडले आणि ३ मेले.

हे आकडे वाचताना ते २६ जण डोळ्यापुढं येतात. एकाच घरात एका भावाला टोचलेलं, दुसऱ्याला नाही. आकडे असे मांडले नसते तर लस लागू पडते हे कुणी मानलं नसतं आणि पुढं कित्येक जण टोचून न घेता मेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इकडं आपल्या भागात प्लेग थैमान घालत होता. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये गेल्या. घरझडतीच्या जुलमानं लोक पेटले आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. सरकारच्या कुठल्याही सुईवर लोकांचा विश्वास बसेल असे ते दिवस नव्हते. मुंबईत ही कोंडी फोडायला मोठा हात लागला तो विशीतल्या आगाखानांचा. त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्यामागं आले. लस बनवायला त्यांनी आपला बंगलाही दिला. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, ती आजतागायत तिथंच आहे.

आणि मग आलं मुल्कोवाल.

पंजाबात प्लेग जोरात होता. तिथल्या सरकारला लाखो डोस हवे होते. ३० ऑक्टोबर १९०२ ला मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ जणांना टोचलं गेलं. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. काही दिवसांनी त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. बाकी कुणालाही काही झालं नाही.

बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली होती. सरकारनं चौकशी आयोग नेमला, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश त्याचे प्रमुख. दरम्यानच्या काळात लस भराभर तयार व्हावी म्हणून हाफकिननी कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवलेली होती. आयोगानं त्यावर बोट ठेवलं आणि जंतू बाटलीत परळलाच गेले असा निष्कर्ष काढला. हाफकिनना कामावरून दूर केलं. ते इंग्लंडला गेले.

पण नोंदी नीट वाचल्या तर वेगळंच दिसत होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्यानं बाटलीचं बूच काढलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. हे जंतू ४१ दिवस आत वाढत असते तर घाण वास आलाच असता. म्हणजे दूषित झाली ती बाटली गावात, परळला नाही.

आयुष्यभर पुराव्यावर बोलणाऱ्या माणसाचा निवाडा असा पुरावा बाजूला सारून झाला. तो ज्यू होता, रशियन होता आणि डॉक्टरकीची पदवी नसताना इंग्रज डॉक्टरांच्या वर बसला होता. या गोष्टींचा त्यात हात नव्हता असं मानणं मला जड जातं. त्या काळी लोकांनीही या प्रकरणाला फ्रान्समधल्या ड्रेफसच्या नावानं ओळखलं, ते उगाच नाही.

त्यांच्या बाजूनं उभे राहिले रोनाल्ड रॉस, मलेरियाचं कोडं हिंदुस्थानातच सोडवणारे नोबेलविजेते. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं, पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. त्या वर्षाच्या शेवटी सरकारनं हाफकिनना पुन्हा कामावर बोलावलं. पाच वर्षं गेली होती.

परळची खुर्ची तोवर दुसऱ्याची झालेली. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद दिलं, पण अट अशी की माणसांवर लसीच्या चाचण्या करायच्या नाहीत, फक्त कागदोपत्री संशोधन करायचं. कॉलऱ्याची मेलेल्या जंतूंची लस करायचं त्यांच्या मनात होतं. तिची परवानगी मिळाली नाही. ५५ वर्षं भरत आली तशी निवृत्ती घेऊन ते युरोपला गेले.

परळहून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ साली सरकारनं प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव दिलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. शेवटच्या वर्षांत ते धर्माकडं वळले आणि साठवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते वारले.