र. धों. कर्वे : मुखपृष्ठावरील विवस्त्र आकृती

‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या कार्याचा गौरव करणारेही या चित्राचा उल्लेख बहुधा संकोचानेच करतात. वस्तुतः कर्व्यांची वैचारिक भूमिका त्यात पूर्णपणे सामावलेली आहे.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक असलेले रघुनाथराव पहिल्या महायुद्धानंतर उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. याच नगरीत १८६५ मध्ये मानेच्या ‘ऑलिंपिया’ने गदारोळ उडवून दिला होता. नग्नता तेथील रसिकांना नवी नव्हती. परंतु ही स्त्री ना देवता होती ना अप्सरा. पुढे दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या १८७६ मधील प्रदर्शनात रन्वारने स्त्रीदेहावर पानांतून झिरपणारे ऊन रंगविले, तेव्हा एका समीक्षकाला त्यात सडके मांस दिसले! आपल्याकडे रविवर्म्यालाही अशा चित्रणासाठी पुराणकथेचा आधार घ्यावा लागला. कर्व्यांना असा आडोसा मान्य नव्हता. देह निसर्गतः अश्लील नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. त्याच वर्षी २० मार्चला, पोलादपूरवरून वाहत येणाऱ्या सावित्रीच्या काठी वसलेल्या महाडात, डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. स्पर्शाने पाणी विटाळते आणि दर्शनाने मन विटाळते, या दोन्ही समजुतींच्या मुळाशी देहाविषयीची एकच धास्ती आहे. १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्व्यांना दंड झाला. लक्षणीय बाब अशी, की हा खटला वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवर होता, चित्रावर नव्हता.

तथापि या चित्राची किंमत कर्व्यांना मोजावी लागली असणार. ज्या गृहिणींसाठी हे लेखन होते, त्यांच्या माजघरात असे मासिक उघडपणे ठेवणे अशक्यच होते. व्यवहारचतुर संपादकाने मुखपृष्ठ बदलले असते. कर्व्यांच्या लेखी मात्र ते बदलणे म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करणे होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते निवर्तले आणि सव्वीस वर्षे चाललेले मासिकही थांबले.