सही नसलेला ग्रंथ

भूसंपादनाचे काम पाहत असताना मी अनेक निवाड्यांवर सह्या केल्या. १८९४ च्या कायद्याखाली जमीनधारकाची हरकत ऐकून घेतली जाई. संपादनालाच त्याची संमती आहे काय, हे विचारण्याचे बंधन मात्र नव्हते. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात अभ्यासलेला जॉन लॉक अशा वेळी मला हटकून आठवे.

लॉकचा जन्म १६३२ मध्ये इंग्लंडमधील रिंग्टन या गावी झाला. यादवी युद्धात त्याचे वडील संसदेच्या बाजूने लढले. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा लॉक जवळच्याच वेस्टमिन्स्टर शाळेत शिकत होता. त्या अराजकातून हॉब्जने अनिर्बंध सत्तेची गरज प्रतिपादली. तरुण लॉकही आरंभी शासनसत्तेचाच कैवारी होता.

त्याचे विचार पालटले ते लॉर्ड अ‍ॅश्ली, म्हणजेच पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल झालेल्या मुत्सद्द्याच्या सहवासात. १६६७ पासून लॉक त्याच्या घरी वैद्य व सल्लागार म्हणून राहिला. पुढे व्यापार व वसाहतींच्या मंडळाचा सचिवही झाला. राजाच्या भावाला वारसाहक्क नाकारण्याची शाफ्ट्सबरीची मोहीम फसली. १६८३ मध्ये अल्जर्नन सिडनीला देहदंड झाला. त्याच्या खटल्यात त्याचे अप्रकाशित हस्तलिखितच पुरावा म्हणून वापरले गेले. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निसटला. पुढच्या वर्षी राजाज्ञेने त्याचे ऑक्सफर्डमधील स्थानही गेले.

राज्यक्रांतीनंतर १६८९ मध्ये तो मायदेशी परतला आणि शासनावरील त्याचे दोन प्रबंध प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे, तर संमतीने स्थापलेल्या विधिमंडळाच्या, सर्वांना ज्ञात अशा कायद्याखालचे जीवन. शासन हे विश्वस्त असून विश्वासभंग झाल्यास सत्ता जनतेकडे परतते. संमतीवाचून कोणाची मालमत्ता घेता येत नाही, अशी त्याची मांडणी होती. ग्रंथावर त्याचे नाव नव्हते. ते कर्तृत्व त्याने १७०४ मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर, मृत्युपत्रातच मान्य केले.

या चरित्राला काळी बाजूही आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. मालकाला गुलामावर निरंकुश अधिकार देणाऱ्या कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या राज्यघटनेच्या लेखनात त्याचा सहभाग होता. श्रमातून मालकी निर्माण होते, या त्याच्या सिद्धांतात अमेरिकेतील मूळ रहिवाशांची न नांगरलेली भूमी पडीक ठरली.

हा दोष माझ्या परिचयाचा आहे. महसुली नोंदीत ज्याचे नाव नाही, त्याचा दावा आम्हा अधिकाऱ्यांच्या नजरेतून सहज सुटे. वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना मात्र, अनुसूचित क्षेत्रे सोडल्यास, ही अट नाही.

संमती कोणाची मोजायची, हे लॉकने अर्धवट सोडले. ज्यांच्या नावे सातबारा वा पट्टा नाही त्यांना त्या मोजणीत आणल्याखेरीज, मी केल्या तशा सह्यांना विश्वस्ताची सही म्हणता येणार नाही.