डॉ. कोटणीस आणि मिरगीची गोळी
सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करताना त्यांना स्वतःलाच मिरगीचे झटके येऊ लागले. त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, मिरगीनेच त्यांचा बळी घेतला. पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात आणली. काही दुखण्यांत या सुयांनी आराम पडतो. सुई मात्र निर्जंतुक हवी. मिरगीत गोळीला पर्याय नाही. धारणीकरांनो, भुमकाकडे गेलात किंवा सुया टोचून घेतल्यात, तरी डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. झटक्यामागून झटके येऊन जीव जाऊ शकतो.