रोगपारखी राझी

लहान मुलाला ताप भरतो, डोळे लाल होतात आणि तीन-चार दिवसांनी अंगावर पुरळ उठते. हा गोवर, की देवीचा रोग? एके काळी हा प्रश्न घराघरांत जीवनमरणाचा होता. देवी आल्या म्हणजे कित्येक मुले दगावत. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्माचे वण राहत आणि काहींची दृष्टीही जाई. गोवरही घातकच; पण त्याची वाट निराळी. तरीही पहिल्या काही दिवसांत हे दोन्ही रोग इतके सारखे दिसत की जाणते वैद्यही गोंधळून जात. या दोन रोगांची लक्षणे शेजारी शेजारी मांडून त्यांतील भेद सांगणारा ग्रंथ सुमारे अकराशे वर्षांपूर्वी इराणातील एका वैद्याने लिहिला. अबू बक्र मुहंमद इब्न झकारिया अल्-राझी हे त्याचे नाव.

राझीचा जन्म इ. स. ८६५ च्या सुमारास रय या नगरात झाला. हे प्राचीन नगर आजच्या तेहरानला लागून होते. रयचा रहिवासी म्हणून तो राझी. तरुणपणी त्याला संगीताची आवड होती आणि किमयेचे प्रयोग करण्याचाही नाद होता. वैद्यकाकडे तो बराच उशिरा वळला, असे सांगतात. परंतु एकदा ती विद्या हाती घेतल्यावर त्याने तिच्यात असे प्रावीण्य मिळवले, की प्रथम रयच्या आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचा तो प्रमुख झाला.

त्याची शिकवण्याची रीत मोठी मार्मिक होती. तो मध्यभागी बसे. त्याच्याभोवती जुने शिष्य आणि त्यांच्या बाहेर नवे शिष्य असत. आलेला रोगी आधी बाहेरच्या शिष्यांपुढे जाई. त्यांना रोग ओळखता आला नाही तर आतले शिष्य त्याला तपासत. त्यांचीही मती कुंठित झाली म्हणजे राझी स्वतः बोले. अशा रीतीने औषध देण्याआधी रोग ओळखला पाहिजे, हे त्याच्या शिष्यांच्या मनावर रोज ठसत असे. गरीब रोग्यांविषयी त्याला फार कळवळा होता. तो त्यांची शुश्रूषा करी आणि त्यांना पैशाचीही मदत देई. ज्यांच्या गावी वैद्य नाही अशा लोकांसाठी त्याने एक सोपे पुस्तकही लिहिले.

राझी रोग्याजवळ बसून बारकाईने निरीक्षण करी आणि जे दिसे ते लिहून ठेवी. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. राझीलाही त्याच्याविषयी आदर होता. तथापि जेथे स्वतःचा अनुभव गॅलेनच्या शब्दाशी जुळेना, तेथे आपली शंका निर्भयपणे मांडण्यास तो कचरला नाही.

याच सवयीतून देवी आणि गोवर यांवरील त्याचा ग्रंथ जन्माला आला. पुरळ उठण्यापूर्वीच सावध कसे व्हावे, हे त्याने त्यात सांगितले. एकसारखा ताप, पाठदुखी, नाकात खाज आणि झोपेत दचकणे ही देवी येण्याची चिन्हे होत. गोवरात पाठ तितकी दुखत नाही. मात्र मळमळ आणि अस्वस्थता अधिक असते. देवीचे फोड वर उचललेले असतात, तर गोवराची लाली त्वचेच्या पृष्ठभागावरच पसरते. देवीच्या रोग्याचे डोळे कसे जपावेत, हेही त्याने आवर्जून लिहिले. बालरोगांवरील एक स्वतंत्र पुस्तिकाही त्याच्या नावावर आहे. तीत दात येताना होणारा त्रास, कान दुखणे, जुलाब, खोकला, जंत अशा नित्याच्या दुखण्यांचा विचार आहे.

राझीला या रोगांचे खरे कारण मात्र कळले नव्हते. द्राक्षाचा रस जसा आंबून फसफसतो तसे मुलांचे रक्त फसफसते आणि त्यातून देवी उद्भवतात, असे तो मानी. हे दोन्ही रोग निरनिराळ्या विषाणूंमुळे होतात, हे ज्ञान फार पुढचे. त्याचा तर्क चुकला. पण त्याची नजर चुकली नाही. म्हणूनच त्याचा ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत गेला आणि युरोपातील वैद्य शतकानुशतके तो अभ्यासत राहिले. १८४८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले.

राझीने एका मोठ्या ग्रंथासाठी पंधरा वर्षे अहोरात्र श्रम केले. त्या श्रमाने त्याची दृष्टी मंदावली आणि लिहिणारा हातही दुबळा झाला. तरीही त्याने विद्या सोडली नाही. तो इतरांकडून वाचून घेई आणि लिहवून घेई. अखेरीस त्याला अंधत्व आले. इ. स. ९२५ च्या सुमारास रय येथेच त्याचे देहावसान झाले.

रोग पारखण्याचे त्याचे काम पुढे इतरांनी चालवले. १७६७ मध्ये विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने कांजिण्या आणि देवी यांतील भेद स्पष्ट केला. देवी रोखणारी लस १७९६ नंतर जगभर पोहोचली. परंतु रोगाचा समूळ नाश करण्यासाठी नुसती लस पुरेशी नव्हती. रोगी नेमका कोठे आहे, हे आधी शोधावे लागे. त्यासाठी १९७० नंतरच्या काही वर्षांत भारतातही आरोग्यसेवक खेडोपाडी हिंडले. देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवून, असे कोणी आजारी आहे काय, असे ते दारोदार विचारीत. एखादे मूल सापडले की त्याला देवी आल्या आहेत की कांजिण्या, हे ते निरखून पाहत. देवीची खात्री पटताच आसपासच्या सर्वांना लस टोचली जाई. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि १९८० मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.