नावाड्याच्या घरातला चित्रकार : उतागावा कुनिसादा

वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसणारं एखादं मूल आपल्या वर्गात असतंच. आज अशाच एका मुलाची ओळख करून घेऊया.

कुनिसादाचा जन्म 1786 साली जपानमधील एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. घरचा धंदा प्रवासी नावेचा. तो अगदी तान्हा असतानाच वडील वारले. पण नावेचं उत्पन्न चालू होतं, त्यामुळे घराला आधार राहिला. मुलाला चित्रांचा नाद. ती चित्रं पाहून त्या काळचे नावाजलेले चित्रकार तोयोकुनी यांनी त्याला शिष्य करून घेतलं. रिवाजाप्रमाणे गुरूच्या नावातला 'कुनी' शिष्याच्या नावात आला.

काबुकी हे तिथलं लोकप्रिय नाटक. त्यातल्या नटांची चित्रं लोक हौसेने विकत घेत. चित्रकार रेखाचित्र काढी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरी, छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा वापरून कागदावर ठसे उमटवी आणि प्रकाशक ते विकी. इतक्या हातांचं हे काम!

1842 मध्ये सरकारने नटांची चित्रं छापायला बंदी केली. कुनिसादांची तर रोजीरोटीच त्यावर. पण ते हात बांधून बसले नाहीत. सुंदर स्त्रिया, जुन्या कथा असे विषय त्यांनी हाताळले. पुढे बंदी सैल झाल्यावर नट परत आले, पण चित्रावर नटाचं नाव नसे. 1852 च्या तोकाइदो रस्त्याच्या मालिकेत त्यांनी एकेका मुक्कामाच्या देखाव्यापुढे एकेक नट उभा केला. नाव कुठेच नाही, तरी नाक-डोळे बघून लोक बरोबर ओळखत!

1844 मध्ये त्यांनी गुरूचंच नाव घेतलं. 1858 मध्ये चित्रकार हिरोशिगे वारले, तेव्हा त्यांचं स्मृतिचित्र कुनिसादांनीच काढलं. 1865 च्या जानेवारीत, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांचं निधन झालं. पुढे युरोपात व्हॅन गॉग या चित्रकाराच्या संग्रहातही त्यांची चित्रं होती.

वर्गात भेंडीचे, बटाट्याचे ठसे आपण घेतोच. पुढच्या वेळी चार मुलांचा गट करा. एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने बटाटा कोरायचा, तिसऱ्याने रंग लावायचा, चौथ्याने ठसा उमटवायचा. मग त्यांना कुनिसादांची गोष्ट सांगा. आणि हो, ते मागचं पान रागवण्याआधी एकदा नीट बघा.